आधी मूळ पाहा, मग पिशवी

राज्य शासनाने २०१८ च्या मार्चमध्ये प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना काढली, तेव्हा रोपवाटिकेसाठी लागणाऱ्या कंपोस्टेबल पिशव्यांना तिच्यात मुभा ठेवली. पुढच्याच वर्षी ३३ कोटी वृक्षलागवडीचे उद्दिष्ट आले. रोपे मात्र बहुतांशी काळ्या पॉलिथिनमध्येच वाढली. काथ्या, शेण किंवा कागदाच्या लगद्याची कुंडी वापरा, असे सांगताना प्लॅस्टिकचा कचरा टळतो हेच कारण पुढे केले जाते. कारण खरे आहे, पण आमच्या मते दुय्यम आहे. कडेगावसारख्या पर्जन्यछायेतल्या तालुक्यात ताकारी-टेंभू सिंचन योजनांचे पाणी उसापर्यंत पोचले; गायरानात, डोंगरउतारावर लावलेल्या रोपाला मात्र पावसावरच तगायचे असते. तिथे प्रश्न सोटमुळाचा आहे. पिशवीच्या गुळगुळीत भिंतीला टेकलेले मूळ वळते, तळाशी वेटोळे घालते, आणि लावणीनंतरही त्याच वळणाने वाढत राहते. ब्लेडने पिशवी उभी चिरून वेटोळे छाटायचे असते. घाईत तळ तेवढा फाडून रोप खड्ड्यात जाते. याउलट कुंडीच्या सच्छिद्र भिंतीतून बाहेर आलेल्या मुळाचे टोक हवेत सुकते आणि मागून नवी मुळे फुटतात. या कुंडीची खरी कमाई ही आहे.

आक्षेपही खरे आहेत. सच्छिद्र भिंत पाणी शोषून उडवते, म्हणून एप्रिल-मेमध्ये अशा रोपांना पाण्याची पाळी लवकर येते. कुंड्या सावलीच्या जाळीखाली एकमेकींना खेटून ठेवल्या, तर हा ताण कमी होतो. मात्र मुळे हवेत छाटली जायला हवीत, म्हणून पुढे कुंड्यांत अंतर सोडावेच लागते. भिंत कुजवणारे जीवाणू नत्र ओढतात आणि पाने पिवळी पडतात. म्हणून मिश्रणात चांगले कुजलेले शेणखत घालावे. सर्वांत गंभीर आक्षेप कोरड्या मातीचा. ओल नसेल तर कुंडी कुजतच नाही, मुळे आत अडकतात. काठ जमिनीवर उरला तर वातीसारखी ओल वर ओढून घेतो. म्हणून लावताना कुंडी पाण्यात भिजवा, तळ मोकळा करा, काठ मातीखाली गाडा. ‘विघटनशील’ शिक्क्याला तर मुळीच भुलू नका: मक्याच्या स्टार्चपासून होणारे पीएलए प्लॅस्टिक कुजायला कंपोस्ट प्रकल्पातली सुमारे ५८ अंशांची उष्णता लागते, माळावरच्या खड्ड्यात ती मिळत नाही.

कुंडी महाग पडते, असेही म्हणतात. पण हिशेब पिशवीच्या दराशी थांबवून चालत नाही. नांग्या भरायचा खर्च, नवे रोप, मजुरी आणि वाया गेलेला पावसाळा त्यात धरावा लागतो. तरीही सरसकट बदल करा, असे आम्ही म्हणणार नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये पेरून त्याच पावसाळ्यात लावायच्या करंज, शेवग्यासारख्या रोपांना या कुंड्या योग्य. वर्ष-दीड वर्ष ठेवायच्या उंच रोपांना त्या टिकत नाहीत. तिथे पुन्हापुन्हा वापरता येणारे रूट ट्रेनर किंवा मोठी पिशवीच घ्यावी. येत्या हंगामात एकाच लॉटचे बी निम्मे पिशवीत, निम्मे कुंडीत पेरा, शेजारशेजारच्या खड्ड्यांत लावा आणि पुढच्या मेअखेर जगलेली रोपे मोजा. आकडे कमी आले तरी आमच्याकडे पाठवा; जसे येतील तसे छापू.