बरोसाची मुरलेली शिराझ

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या बरोसा खोऱ्यात १८४३ साली लावलेल्या शिराझच्या काही वेली आजही द्राक्षं देतात. युरोपातले मळे उद्ध्वस्त करणारी फायलोक्सेरा कीड तिथवर पोहोचलीच नाही. अशा जुन्या वेलींची दणकट वाइन कोवळी असताना जीभ आवळते. चांगली १५-२० वर्षं मुरली, की जीभ आवळणाऱ्या टॅनिनचे कण एकमेकांना धरून तळाशी बसतात, जांभळा रंग विटकरी होतो आणि ताज्या फळाचा वास मागे सरून चामडं, तंबाखू, ओली माती पुढे येते. बाटली आदल्या दिवशीच उभी करून ठेवावी, हलक्या हातानं ओतावी, मानेशी गाळ दिसला की थांबावं. आणि प्यायची घाई तर अजिबात नको! अर्ध्या तासात पेल्यातला वास पार पालटतो. सोबत भाजलेलं मटण असलं, तर मला आणखी काहीही नको.