शुक्रवारचे सातजण

माझा एक माजी विद्यार्थी पुण्याच्या सेमिनरीत शिकून, गिटार घेऊन आपल्याच भागातल्या एका चर्चमध्ये तरुणांचा पाळक झाला. सहा महिन्यांत राजीनाम्याची भाषा! शंभर तरुण जमतील असं वाटलं होतं, शुक्रवारी येतात सातजण. मला नवल वाटलं नाही. आपली मुलं शिकली की पुणे नाहीतर बेंगळुरू गाठतात. उरलेल्यांत एकाला कन्नड गीत हवं, दुसऱ्याला मराठी. शिवाय कमिटीच्या बैठका, मयती, गळकं छप्पर, आणि पगार? तो विचारूच नका. बेळगावात लंडन मिशनचं काम 1820 मध्ये सुरू झालं, 1904 मध्ये ते मेथडिस्टांकडे गेलं. इथल्या एवढ्या जुन्या मंडळ्या एका गिटारनं कशा हलतील?

“त्या सातजणांच्या घरी गेलास का रे?”

“दोघांच्या, सर.”

राजीनामा अजून दिलेला नाही.