एक दिवसाआड

गेल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये एका पहाटे साडेतीनला माझा फोन वाजला. न्यू जर्सीत तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. बोलत होती ती आमच्या फुलंब्रीचीच मुलगी. तिचे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, माझे पंधरा वर्षांपासूनचे रुग्ण. गावात सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात. (दोघांच्या संमतीने लिहीत आहे, ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत.)

‘डॉक्टर, अण्णा फिरायला गेले होते, रस्त्याच्या कडेलाच बसून राहिले. धाप लागलीय, चक्कर येतेय. ते म्हणतात, वय झालं.’

शेजाऱ्यांच्या यंत्रावर रक्तदाब मोजायला सांगितला. १९० आणि ११०. नाडी ११४. छातीत दुखते का, विचारले, नाही म्हणाले. गोळ्या वेळेवर घेता का, असे विचारल्यावर मात्र फोनच्या त्या टोकाला शांतता पसरली.

गुरुजी मे महिन्यात गेले होते. पत्नीच्या निधनानंतरची ही त्यांची पहिलीच मोठी वारी. गिरिजेकाठचे मका-आल्याचे शेत पुतण्याकडे सोपवून, तीन महिन्यांचा बेत करून निघाले. अमेरिकेत जाताना साधारणपणे नव्वद दिवसांपुरतीच औषधे सोबत नेता येतात. मीही तेवढ्याच गोळ्यांची चिठ्ठी दिली. मुक्काम वाढला तर काय, हे मी विचारले नाही. ही चूक माझी.

जुलैच्या अखेरीस मुलगी म्हणाली, ‘अण्णा, थंडी पडेपर्यंत थांबा ना.’ गुरुजी थांबले. कोणतेही कारण विचारले नाही आणि गोळ्यांचा हिशेबही सांगितला नाही. त्यांनी मनाशीच ठरवले : आजपासून एक दिवसाआड. पन्नास वर्षांची डायरी लिहिण्याची सवय. तिच्यातही तशी नोंद ठेवली. ‘आज गोळी नाही.’ दुसऱ्या दिवशी ‘आज घेतली.’

त्यांच्या औषधांत बीटा ब्लॉकर गटातील एक गोळी होती. ही गोळी अचानक सोडली किंवा वाटेल तशी तोडली, तर दबून असलेली नाडी आणि रक्तदाब उलट उसळी घेतात. हृदयविकार असलेल्या माणसाला त्यातून झटकाही येऊ शकतो. ‘थोडी कमी घेतली, एवढंच’ असे म्हणणारे अनेक ज्येष्ठ मला भेटतात. औषध म्हणजे तिखटमीठ नव्हे, हे त्यांना कितीदा सांगावे!

‘चुकलेल्या गोळ्या आता एकदम देऊ नकोस,’ मी तिला बजावले. ‘आत्ताच्या आत्ता इमर्जन्सीत ने. वाटेत छातीत दुखले, बोबडी वळली, हातपाय लुळा पडला, तर ९११ला फोन कर.’ मागून गुरुजींचा आवाज ऐकू आला : ‘तिथं नको. लई पैसे लागतात.’

त्या रात्री रुग्णालयाच्या प्रतीक्षाकक्षात मुलीने डायरी वाचली. मग तिनेही सांगितले. जुलैच्या मध्यावर तिची नोकरी गेली होती. ती एच-१बी व्हिसावर. अशा वेळी दुसरी नोकरी शोधायला किंवा आपली सोय लावायला फार तर ६० दिवस मिळतात. रोज सकाळी दार लावून ती लॅपटॉपपुढे बसे, ‘मीटिंग आहे’ म्हणे. अण्णांना कळू नये म्हणून हे सारे. आणि त्यांनी थांबावे असे वाटत होते, कारण घर खायला उठत होते.

‘मला ठाऊक होतं,’ गुरुजी म्हणाले. ‘महिनाभर झाला, जेवताना तुझा फोन वाजत नाही. आतून बोलण्याचा आवाज येत नाही. तू सांगशील म्हणून वाट पाहत होतो.’

आणि ती सांगत नव्हती, म्हणून त्यांनी गोळ्यांचेही सांगितले नाही. तिच्यावर आणखी भार नको!

जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’त आपण दूरदेशी गेलेल्या मुलांची वाट पाहणारी वृद्ध माणसे पाहिली. पण ती माणसे परदेशी मुलांच्या घरी पोहोचल्यावर काय होते, याविषयी आपण फारसे बोलत नाही. तिथे एकाच छताखाली दोघे एकमेकांना जपत असतात आणि त्या जपण्यात औषध, भूक, झोप, उसने हसू असे सगळे लपत जाते.

बिल आले. प्रवासी विम्याने ते नाकारले. रक्तदाब हा आधीपासूनचा विकार, आणि असे विकार बहुतेक पॉलिसींमध्ये वगळलेले असतात. तिथल्या ज्येष्ठांना मिळणारी मेडिकेअर योजना पाहुण्यांना लागू नसते. कायम वास्तव्याचे ग्रीन कार्ड असलेल्यांनाही त्यासाठी आधी सलग पाच वर्षे तिथे राहावे लागते. मुलीने रुग्णालयाच्या आर्थिक साहाय्य विभागाकडे अर्ज केला, तेव्हा काही रक्कम कमी झाली आणि उरलेल्याचे हप्ते मिळाले. अशी सोय असू शकते, हे तिला तोवर माहीतच नव्हते. वाचकांपैकी कुणाच्या मुलाबाळांना उपयोगी पडेल म्हणून लिहितो. गोळ्या मात्र तिथल्या डॉक्टरांनी लगेच लिहून दिल्या आणि त्या मुळीच महाग नव्हत्या. अडचण एवढीच झाली, की इथल्या पट्टीवरचे ब्रँडचे नाव तिथे कुणालाच कळेना. पट्टीच्या मागच्या बारीक अक्षरांतले मूळ नाव शोधेपर्यंत अर्धा तास गेला.

मुलीला एकावन्नाव्या दिवशी नवी नोकरी मिळाली, पगार पूर्वीपेक्षा कमी. गुरुजी ऑक्टोबरच्या अखेरीस परतले.

आता दर रविवारी सकाळी आठला ते ओट्यावर बसून व्हिडिओ कॉल लावतात, गोळ्यांची पट्टी कॅमेऱ्यापुढे धरतात आणि रिकामे खण मोजून दाखवतात. ते तिला विचारतात : जेवलीस का, झोपलीस का, काम कसे चालले आहे. ‘बरं आहे’ हे उत्तर दोघांनाही चालत नाही, असा करार झाला आहे.

परवा गुरुजी दवाखान्यात आले. रक्तदाब १३६, ८०. नवी चिठ्ठी लिहायला घेतली, तसे त्यांनी माझा हात थांबवला.

‘डॉक्टर साहेब, औषधाचं मूळ नाव लिहा. इंग्रजीत, ठळक. मेमध्ये परत जायचंय.’

‘किती दिवस?’ या वेळी मी आधी विचारले.