दुकानदाराचा मुलगा

शिकलेल्या मुलाने दुकानावर बसू नये, असे आमच्या लालबागच्या चाळीत सगळेच मानतात. वडिलांचे किराणामालाचे दुकान आहे. पण मी गल्ल्यापाशी गेलो की तेच रागावतात. घरातला कॉलेजात गेलेला पहिलाच मुलगा मी, मला नोकरीच हवी म्हणे!

अशा वेळी शेजारच्या परळचे केशव विष्णू पेंढरकर आठवतात. नागपूरचे किराणा दुकान सोडून ते मुंबईस आले आणि १९५२ साली राहत्या घरातच दंतमंजन करू लागले. स्वयंपाकघर हाच कारखाना. (चूल कोठे मांडली असेल, हे त्या घरच्या बाईलाच ठाऊक!) मुलांना घेऊन ते दारोदार माल विकत. 'विको'तला 'वि' त्यांच्या वडिलांचा, विष्णूंचा. मुलगा गजानन औषधनिर्माणशास्त्र शिकला आणि धंद्यातच आला. हळदीच्या क्रीमला ते शिक्षण कामी आले. केशवराव १९७१ साली वारले; धंदा मुलांनी वाढवला.

बी. ए. झालेल्या मुलाने तराजू धरला, तर वडिलांचे कष्ट वाया जातात काय? मला तसे वाटत नाही. निदान उधारीची वही तरी नीट लिहिली जाईल. वडिलांना हे अजून पटलेले नाही. परीक्षा होईपर्यंत मीही विषय काढत नाही.