तबकडीवर चढलेली शीळ

वर्धा जिल्ह्यात गाण्याला कधीच तोटा नव्हता. पहाटे जात्यापाशी ओवी, दिवसा कापूस वेचताना गाणे, रात्री खंजिरीवर भजन. १९३६ साली तुकडोजी महाराज गांधीजींजवळ सेवाग्रामला, म्हणजे तेव्हाच्या शेगावला, येऊन राहिले, तेव्हा हीच खंजिरी आश्रमातही पोचली.

पण असले गाणे तबकडीवर चढावे कसे? दहा इंची तबकडीची एक बाजू म्हणजे जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे. आमच्याकडे भजनाला रंग चढायलाच अर्धी रात्र लागते! शिवाय मेणावर एकदा रेघ उमटली की खोडता येत नसे. शेवटच्या ओळीत ठसका लागला, तर पुन्हा पहिल्यापासून आरंभ.

१९०२ साली कलकत्त्यात गौहरजानने गायिले, ते कर्ण्यात तोंड घालून. कर्ण्याला मोठा, खडा आवाज लागे. म्हणून नाटकातले गवई त्याला मानवले. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकायची त्यांना सवयच होती. हळू गुणगुणणाऱ्याला तेथे थारा नव्हता. १९२५च्या सुमारास विजेचा मायक्रोफोन आला आणि प्रथमच हलका आवाजही तबकडीवर उमटू लागला.

याच सुमारास आपल्या विदर्भातील दोन तरुण, दोघेही १९०९चे, एकत्र आले. एक कवी, बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकरचे ना. घ. देशपांडे. दुसरे गायक, नागपूरकडचे, कायद्याचे शिक्षण घेतलेले जी. एन. जोशी. देशपांड्यांची ‘शीळ’ ही कविता जोशींनी चाल लावून गायिली आणि तिशीच्या दशकाच्या आरंभी एच.एम.व्ही.ने तिची तबकडी काढली. तबकडी छापायची कलकत्त्याजवळ दमदमला आणि ऐकायची वऱ्हाडात! ना तीत तानांचा पाऊस, ना नाटकाची नांदी. रानातली एक साधी गोष्ट, लोकगीताच्या वळणाची. लोकांनी ती उचलून धरली. मराठी भावगीताचा आरंभ जाणकार याच तबकडीपाशी मांडतात.

पुढे १९३८ साली जोशी त्याच कंपनीत नोकरीस लागले आणि कित्येक मोठ्या गवयांना त्यांनी ध्वनिमुद्रिकेपर्यंत आणले. कवी मात्र मेहकरलाच राहिले. गंमत पाहा, ‘शीळ’ याच नावाचा त्यांचा पहिला संग्रह निघाला १९५४ साली. गाणे घरोघर पोचले आणि पुस्तक वीस वर्षे मागून आले!

तरी देशपांड्यांना नाव मिळाले. जात्यावर गाणाऱ्या आमच्या आयाबायांचे काय? त्यांची कोणती कंपनी आणि कोणती तबकडी? पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुढे हजाराहून अधिक गावे पालथी घालून एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या आणि गाणारीचे नाव व गाव ओवीबरोबर नोंदवले. हे काम एखाद्या कंपनीने पन्नास वर्षे आधी केले असते, तर किती आवाज राहिले असते!

आज सव्वातीन मिनिटांचे बंधन नाही, मेण नाही, दमदम नाही. यंत्र ज्याच्या त्याच्या खिशात आहे. या दिवाळीत माहेरी आलेली आत्या अभ्यंगाच्या वेळी काही गुणगुणली, तर वाचकहो, ते टिपून ठेवा. आणि एवढे करा, शेवटी तिचे नाव तिलाच सांगायला लावा. गौहरजानही तेच करीत असे.