वायगावची हळद आणि अवकाळी पाऊस

वर्धा जिल्हा म्हटला की व्यापाऱ्याला प्रथम हिंगणघाटचा कापूस आठवतो. परंतु शेजारच्या समुद्रपूर तालुक्यातील वायगावच्या हळदीनेही आपले नाव कमावले आहे. या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. सांगलीच्या हळदीला ते २०१८ मध्ये मिळाले. वायगावच्या हळदीत कुरकुमीन ६ टक्क्यांच्या वर भरते, असा तिचा लौकिक आहे.

मात्र मानांकन कागदावर राहते. गुण जमीन आणि हवामान देतात. हळदीला उगवणीच्या वेळी ३० ते ३५ अंश उष्णता लागते, फुटव्यांना २५ ते ३० अंश, तर कंद पोसताना १८ ते २० अंशांचा गारवा मानवतो. पाऊस हवा, पण पाणी मुळाशी तुंबता कामा नये. काळ्या जमिनीत चार दिवस पाणी साचले की कंदकूज धरते. २०२२ च्या जुलैत वर्धा जिल्ह्यात अतिवृष्टी झाली, तशा वर्षी निचऱ्याचे चर नसलेल्या शेतकऱ्याचे पीक पावसाच्या मर्जीवर राहते.

शेतातले संकट सर्वांना दिसते. खळ्यावरचे संकट दिसत नाही, आणि आम्हांस तेच अधिक गंभीर वाटते. खणलेली हळद शिजवून दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवावी लागते. हे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये होते आणि अवकाळी पाऊसही नेमका तेव्हाच गाठतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट विदर्भ-मराठवाडा विसरलेला नाही. शिजवलेली हळद भिजली की बुरशी धरते, रंग काळवंडतो आणि नऊ महिन्यांची मेहनत एका रात्रीत उतरत्या भावाची होते.

येथेच व्यापाराचा प्रश्न सुरू होतो. बाजारात गिऱ्हाईक पिवळाधमक रंग पाहून भाव देते. मग फिकट मालाला रंग देण्याचा मोह होतो. बांगलादेशात हेच घडले. १९८० च्या दशकातील मोठ्या पुरानंतर तेथील हळद नीट वाळली नाही, निस्तेज झाली, आणि तिला झळाळी आणण्यासाठी लेड क्रोमेट हा शिशाचा विषारी रंग वापरात आला. शिसे मुलांच्या मेंदूला अपाय करते. २०१९ मध्ये संशोधकांनी हे उघडकीस आणले, तेव्हा बाजारातील ४७ टक्के नमुन्यांत हा रंग सापडला. सरकारने तपासणी व दंड यांचा धडाका लावला आणि २०२१ पर्यंत हे प्रमाण शून्यावर आले.

वायगावात असे घडते, असे आम्ही म्हणत नाही. परंतु पाऊस लहरी होत असताना रंगावरच भाव ठरत राहिला, तर तो मोह कोणत्याही पेठेत शिरू शकतो. यावर आमच्या मते तीन उपाय आहेत. पहिला, गावोगावी सामायिक छपराची वाळवण व सोलर ड्रायर उभारावेत. सुटा शेतकरी ताडपत्रीवर किती दिवस निभावणार? दुसरा, बाजार समितीत ओल आणि कुरकुमीन तपासण्याची सोय असावी. तिसरा उपाय आपल्या व्यापारीबांधवांच्या हाती आहे. हळकुंड मोडून पाहावे. खणकन आवाज आला तर माल वाळलेला. भाव या वाळवणीला आणि तपासणीच्या दाखल्याला द्यावा, नुसत्या झळाळीला नव्हे.

जानेवारी २०२५ मध्ये निजामाबादला राष्ट्रीय हळद मंडळ सुरू झाले आहे. त्याने निर्यातीच्या आकड्यांबरोबर खळ्यावरच्या छपराचाही विचार करावा. पाऊस आपल्या हाती नाही. पण भिजलेल्या मालाला भिजलेला म्हणून विकण्याची आणि वाळलेल्या मालाला त्याचे मोल देण्याची सचोटी आपल्या हाती आहे. वायगावचे नाव टिकले तर तिच्यावरच टिकेल.