सोन्याचा शर्ट आणि दोनशे रुपयांचा कागद

२०२५ च्या मे महिन्यात दोन बातम्या थोड्याच दिवसांच्या अंतराने वाचनात आल्या. १६ मे रोजी मुळशी तालुक्यातल्या भुकूम गावी एका राजकारणी घरातल्या तरुण सुनेचा सासरी मृत्यू झाला. मुलगी वाकडची. महिनाअखेरीस अमेरिकेच्या अध्यक्षांनी टॉड आणि जुली क्रिस्ली या दांपत्याला माफी दिल्याची बातमी आली. पहिली बातमी आपल्या वाहिन्यांनी आठवडेच्या आठवडे चालवली. दुसरी आपल्याकडे फारशी कुणी वाचली नसेल. मला मात्र त्या दोन्ही एकाच पानावरच्या वाटल्या. का, ते सांगायला थोडा वेळ लागेल.

क्रिस्ली कुटुंबावर २०१४ पासून अमेरिकी दूरचित्रवाणीवर एक मालिका चालू होती. मालिका म्हणजे नटनट्यांची नव्हे. खरे घर, खरी मुले, खरी आजी आणि घरभर फिरणारे कॅमेरे. घर अर्थातच राजवाड्यासारखे. बाप जमीन-घरांच्या धंद्यातला, जिभेचा तिखट, मुलांच्या कपड्यांपासून खर्चापर्यंत सगळ्यावर हुकूम चालवणारा. लोकांना तो आवडला. पुढे २०२२ मध्ये न्यायालयात सिद्ध झाले, की मालिका सुरू होण्याच्या आधीपासून या जोडप्याने खोटी कागदपत्रे दाखवून बँकांकडून तीन कोटी डॉलरहून अधिक कर्जे उचलली होती, आणि करही चुकवला होता. नवऱ्याला बारा वर्षे, बायकोला सात वर्षे शिक्षा झाली. मग मुलीने बाहेर मोहीम चालवली, २०२४ मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनात भाषण केले, आणि पुढच्या वर्षी आईबाप सुटले. प्रेक्षकांनी त्या घरातला जिना, झुंबरे, स्वयंपाकघर सगळे पाहिले होते. फक्त कर्जाचे कागद पाहिले नव्हते.

आता आपल्याकडे येऊ. मी चिंचवडला राहायला आलो तेव्हा भोसरी हे गाव होते आणि मोशीला जायचे तर एसटीची वाट पाहावी लागे. आमच्या या पट्ट्यातल्या घरांवर कुणी परदेशी धर्तीची मालिका काढली नाही, पण जगाने पाहिलेला एक माणूस याच भोसरीचा होता. दत्ता फुगे. २०१३ च्या सुरुवातीला त्यांचा सोन्याचा शर्ट बीबीसीपासून सगळ्यांनी दाखवला. तीन किलोहून अधिक सोने, खर्च सुमारे १ कोटी २७ लाख. पत्नी पिंपरी-चिंचवड महापालिकेत नगरसेविका, स्वतःचा चिटफंडाचा व्यवसाय. त्याआधी खडकवासल्याचे आमदार रमेश वांजळे यांच्या अंगावरचे सोने लोकांनी पाहिले होते, पण अख्खा शर्टच सोन्याचा, हे नवे होते. तेव्हा आमच्या कट्ट्यावर त्याची भरपूर टिंगल झाली; मीही केली. जुलै २०१६ मध्ये दिघीत फुगे यांचा खून झाला. पैशांच्या देवघेवीतून, असे पोलिसांनी सांगितले. त्यानंतर टिंगल करणे जमले नाही.

त्या शर्टाबद्दल लिहिणाऱ्या बहुतेकांनी ‘नवश्रीमंती’ हा शब्द वापरून विषय संपवला. मला तो शब्द आळशी वाटतो. हा पैसा आकाशातून पडला नव्हता. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, मग बजाज, टेल्को आल्या. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण. प्रत्येक वेळी जमीन गेली ती भोसरी, आकुर्डी, निगडी, चिखली, वाकड अशा गावांची, आणि पहिल्या पिढीच्या हाती आलेला मोबदला असा होता की त्यातून धड विहीरही बांधून झाली नाही. प्राधिकरणाने पुढे साडेबारा टक्के जमीन परताव्याचे धोरण आणले, तेही १९८४ नंतरच्यांसाठी. आधी ज्यांची गेली ते वर्षानुवर्षे मोर्चे काढत राहिले. ज्यांची जमीन त्या वेळी आरक्षणातून वाचली, किंवा ज्यांनी गुंठा-गुंठा करून विकली, त्यांच्या नातवांच्या हातात मात्र मोठा पैसा आला. एकाच गावात, एकाच भावकीत, बांधाच्या एका बाजूला कंपनीतला सुरक्षारक्षक आणि दुसऱ्या बाजूला ‘गुंठामंत्री’. हा शब्द गावानेच दिलेला आहे, पेपरवाल्यांनी नव्हे.

शेती होती तोवर माणसाचे स्थान त्याच्या जमिनीवरून ठरे. ते सांगावे लागत नसे. पाटलाचा मळा कुठून कुठवर, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असे. जमीन गेल्यावर ते स्थान दाखवायचे कशावर? मग ते अंगावर आले, गाडीवर आले, फ्लेक्सवर आले आणि सर्वांत जास्त लग्नाच्या मांडवात आले. चाकण-तळेगाव रस्त्यावरच्या मंगल कार्यालयांत दिवाळीनंतर एखाद्या तिथीला जाऊन पाहा. नवरदेवाच्या स्वागताला क्रेन, डोक्यावर ड्रोन, स्टेजच्या दोन्ही बाजूंना भिंतीएवढे पडदे. जेवणाच्या पंगतीतल्यांनाही लग्न पडद्यावरच दिसते. अमेरिकेत वाहिनी पैसे देऊन घरात कॅमेरे आणते. इथे घरच वाहिनीचा खर्च करते.

भुकूमच्या प्रकरणात माहेरच्यांनी तक्रारीत सांगितले, की लग्नात ५१ तोळे सोने, चांदीची भांडी आणि एक महागडी मोटार दिली होती. त्या गाडीची किल्ली एका बड्या नेत्याच्या हस्ते देतानाची चित्रफीत वाहिन्यांवर दिवसभर फिरली. तक्रार ज्या बावधन पोलीस ठाण्यात झाली ते पिंपरी-चिंचवड आयुक्तालयातले. प्रकरण न्यायालयात गेले, दोषी कोण ते न्यायालय ठरवील. मी इथे कुणाचे नाव घेणार नाही. माझे लक्ष तक्रारीतल्या एका गोष्टीकडे गेले. सासरचे दोन कोटी रुपये मागत होते असा आरोप आहे, आणि ते मागत होते जमीन खरेदीसाठी.

वाहिन्यांवरच्या चर्चेत सोने आणि गाडीच गाजली. जमिनीचा उल्लेख आला न आला. पण या पट्ट्यातल्या माणसाला तो उल्लेख कळतो. शहरालगतची शेतजमीन विकली की नफ्यावर कर लागतो. त्याच पैशातून दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली तर प्राप्तिकर कायद्यातल्या ५४ ब कलमाने सूट मिळत आली आहे. म्हणून भोसरीचा विकणारा खेडमध्ये घेतो, चाकणचा विकणारा जुन्नर, पारनेर, श्रीगोंद्याकडे सरकतो, आणि त्या त्या ठिकाणचे भाव चढतात. व्यवहार विसार देऊन धरायचा, साठेखत करायचे, उरलेली रक्कम मुदतीत भरायची. मुदत भरत आली आणि आपला आधीचा प्लॉट अडकला, की घरात रोकड नसते. बाहेर कोट्यधीश, आत तंगी. अशा वेळी पहिली नजर जाते ती सुनेच्या माहेराकडे, कारण तिच्या बापाने जमीन विकली आहे हे साऱ्या तालुक्याने लग्नात पडद्यावर पाहिलेले असते.

इथे मला एक जुना प्रसंग सांगितला पाहिजे. २००८ ची गोष्ट. चाकणला परदेशी मोटारींचे कारखाने येऊ घातले होते, महाळुंगे, निघोजे, खराबवाडी अशा गावांतून दलाल दुचाकींवर फिरत होते. माझ्या एका मित्राच्या वडिलांनी, आम्ही त्यांना आप्पा म्हणत असू, सहा एकरांचा सौदा केला होता. सातबाऱ्यावर आप्पांच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ अशी अक्षरे होती. एकत्र कुटुंब मॅनेजर. त्यांच्या तीन बहिणींची नावे ‘इतर हक्क’ या रकान्यात. घेणाऱ्याच्या वकिलाने सांगितले, बहिणींची हक्कसोडपत्रे आणा, मगच खरेदीखत. साक्षीदार म्हणून मला नेले होते.

तिन्ही आत्या सकाळी एसटीने आल्या होत्या. निबंधक कार्यालयाबाहेर टपरीवर चहा झाला. धाकट्या आत्याने विचारले, “दादा, काय लिवलंय ते वाचून तरी दाखव की.”

आप्पा म्हणाले, “अगं, काय वाचायचं त्यात? नेहमीचाच कागद. तुला माहेर तोडायचंय का?”

मग तिने काही विचारले नाही. कागदात लिहिले होते : स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय, कोणताही मोबदला न घेता. असा कागद तेव्हा दोनशे रुपयांच्या मुद्रांकावर होत असे. आत एकेकीला संगणकासमोर बसवले, अंगठा घेतला, छोट्या कॅमेऱ्याने फोटो काढला. त्या घरच्या बायका कॅमेऱ्यासमोर एकट्या बसल्याचे मी पाहिले ते तेवढेच. नंतर हॉटेलात जेवण, प्रत्येकीला साडी आणि पाकीट. मी साक्षीदार म्हणून सही केली. आप्पा वाईट माणूस नव्हते. थोरल्या आत्याच्या नवऱ्याच्या आजारपणात त्यांनीच दवाखान्याचा सगळा खर्च उचलला होता, हेही मी पाहिले आहे.

कायदा तेव्हा आत्यांच्या बाजूने नव्हता असे नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्येच वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतका जन्मतः हक्क दिला. फक्त २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्यांना वगळले. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तीही अट गेली. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क आहेच. पण हक्कसोडपत्र एकदा नोंदले गेले, की या सगळ्या निकालांना तिच्यापुरता अर्थ उरत नाही. आणि तिला सांगितले जाते, तुझ्या लग्नात दिले की. लग्नात दिले ते खरेच. पण ते गेले सासरच्या कपाटात आणि सासरच्या दारातल्या गाडीत. जमिनीतला वाटा तिच्या नावावर राहिला असता तर त्याच्या विक्रीला तिची सही लागली असती. सोन्याला कुणाची सही लागत नाही.

यावर कुणी म्हणेल, मग जमीन विकूच नये की काय? तसे नाही. हडपसरला मगर आणि त्यांच्यासारख्या सुमारे १२० कुटुंबांनी आपली चारशेच्या वर एकर जमीन एकत्र करून कंपनी काढली, आणि मगरपट्टा उभा केला. जमिनीच्या प्रमाणात भागभांडवल, भाड्याचे उत्पन्न चालू. त्या घरांवर मालिका निघावी असे काही घडले नाही, म्हणून त्यांची चर्चाही होत नाही. आमच्या खेडला विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन घेताना शेतकऱ्यांना १५ टक्के विकसित जमीन परत देण्याचे ठरले, त्यांची भागीदारीही ठरली. पुढे तो परताव्याचा प्रश्न इतका लांबला की पोरे आंदोलनांत वाढली. म्हणजे सामुदायिक वाटही सोपी नाही. पण रोख रक्कम एका मॅनेजरच्या खात्यात जमा होणे आणि घरातल्या प्रत्येकाच्या नावे भाग असणे, यांत फरक आहे. प्रवीण तरडे यांच्या ‘मुळशी पॅटर्न’ने २०१८ मध्ये जमीन विकणाऱ्या बापाच्या पोराचे काय होते ते दाखवले. त्या पोराच्या बहिणीवर अजून कुणी सिनेमा काढायचा आहे.

भुकूमनंतर ठिकठिकाणी समाजाच्या बैठका झाल्या, लग्नाच्या आचारसंहिता ठरल्या. मोजके पाहुणे, डीजे नको, प्री-वेडिंग चित्रीकरण नको. चांगलेच आहे. मी एका घरगुती बैठकीत विषय काढून पाहिला, की पुढच्या वाटणीत पोरींची नावे सातबाऱ्याला राहू द्या. सगळे गप्प झाले. एक वहिनी आतून म्हणाल्या, “भाऊजी, चहा घेणार ना अजून?” असो.

आप्पा करोनात गेले. मुलांनी आलेल्या पैशातून भीमा नदीकाठी जी जमीन घेतली होती, तिचाही आता सौदा चालू आहे. मागच्या महिन्यात धाकट्या आत्याचा फोन आला. वय सत्तरीपलीकडे. तिच्या नातीने पेपरातली एक जाहीर नोटीस मोबाइलवर तिला दाखवली होती : अमुक गट नंबरची मिळकत आमचे अशील खरेदी करीत आहेत, कोणाची हरकत असल्यास १४ दिवसांत कागदपत्रांसह कळवावे. मी तिला स्पष्ट सांगितले, “आत्या, ही जमीन दादांनी नंतर घेतलेली, आणि तुम्ही त्या वेळी सोडून दिलंय. वकील काय म्हणतील सांगता येत नाही.”

“ते मला ठावं हाय,” ती म्हणाली. “पर त्या दिशी त्यात काय लिवलं व्हतं ते मला कुनी वाचून दावलं न्हाई. साक्षीदार तू व्हतास. नोटिशीचे नऊ दिस ऱ्हायलेत. उद्या येतोस का वकिलाकडं?”

मी सकाळच्या गाडीने येतो म्हणालो.